माकडाचं गाणं, ढोलकऱ्याचा ठेका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कवितेतला माणूस. नाचाच्या संगीताशी माझा संबंध वरातीपुरताच, तोही बघ्याचा. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलानं संगणकावर एक गाणं लावलं आणि म्हणाला, "अब्बा, हे ऐका, यात तुमचा मोगली आहे." ऐकलं आणि हसू आलं. खाली दणदणीत ढोल, वर एक घोगरा, मस्तीखोर आवाज. मध्येच कुणीतरी लहान मुलांना हाळी देतं. सगळं एकमेकांत गुंतलेलं, गोधडीच्या ठिगळांसारखं.

ही तबकडी लंडनमध्ये १९८७च्या जानेवारीत निघाली. करणारे दोघे, मॅट ब्लॅक आणि जोनाथन मूर. एक संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा, दुसरा आधी चित्रकला शिकवणारा आणि मग रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा. रात्री दोघेही तबकड्या वाजवून लोकांना नाचवायचे. मूर तर त्या वेळी बेकायदा चालणाऱ्या 'किस एफएम' या रेडिओवरही कार्यक्रम करायचे. जोडीचं नाव 'कोल्डकट' आणि पहिल्या तबकडीचं नाव 'से किड्स, व्हॉट टाइम इज इट?' हे नावसुद्धा उसनं. 'हाउडी डूडी' या जुन्या अमेरिकी बालकार्यक्रमाची सुरुवात याच प्रश्नानं होई. साध्या कोऱ्या लेबलवर निघालेली ही तबकडी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांतून जोडलेली होती, आणि तेही कुणाला न विचारता.

आता तो घोगरा आवाज. डिस्नेचा 'द जंगल बुक' हा चित्रपट १९६७चा. त्यात किंग लुई नावाचा ओरांगउटान मोगलीकडे अग्नीचं गुपित मागतो, कारण त्याला माणूस व्हायचंय. गाणं शेरमन बंधूंचं, आवाज लुई प्रिमा यांचा. हे प्रिमा न्यू ऑर्लिन्सचे. घराणं सिसिलीहून आलेलं आणि स्वतः मात्र काळ्या वस्त्यांतल्या जॅझवर वाढलेले. आपल्या पेंचला लागून असलेल्या सिवनीच्या जंगलात ओरांगउटान आला कुठून, असं विचारू नका. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या मूळ गोष्टीत असा राजा नाहीच. तिथली माकडं बिनराजाची, बिनकायद्याची, दुसऱ्यांचं ऐकून तेच बडबडणारी.

मला गंमत वाटली ती या निवडीची. या दोन इंग्रज पोरांवर सावली होती न्यूयॉर्कची. १९७३ साली ब्रॉन्क्समध्ये जमैकाहून आलेल्या कूल हर्कनं तबकडीतला नुसत्या ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून नाचणाऱ्यांना जागेवर खिळवलं. १९८१ साली ग्रँडमास्टर फ्लॅशनं तबकड्यांच्या तुकड्यांचीच एक नवी तबकडी केली. मग डबल डी आणि स्टाइन्स्की ही जोडी आली, त्यातला स्टाइन्स्की जाहिरात व्यवसायातला. त्यांनी १९८३ साली एका कंपनीची स्पर्धा जिंकली ती असलाच कोलाज करून. त्याला त्यांनी 'धडा पहिला' असं नाव दिलं आणि पुढे आणखी दोन धडे केले. कोल्डकटची ही तबकडी म्हणजे त्या धड्यांचा लंडनमध्ये केलेला गृहपाठ. आणि गृहपाठाला गाणं निवडलं ते कुणाचं? दुसऱ्यासारखं व्हायला निघालेल्या माकडाचं! ठरवून केलं की सहज, मला ठाऊक नाही. पण आपण कुणाचे चेले आहोत, हे इतक्या खेळकरपणे कबूल करणारी पहिली रचना मी कवितेतही फार पाहिलेली नाही.

आमच्याकडे गझलेत 'तजमीन' नावाचा प्रकार आहे. दुसऱ्या शायराचा मिसरा घ्यायचा आणि त्याला आपल्या ओळी जोडायच्या. उसन्या मिसऱ्याला अवतरणचिन्हं असतात. मुशायऱ्यात तो ऐकताच लोक ओळखतात, आणि निम्मी दाद मूळ शायराला जाते. त्यामुळे उसनवारीचं मला वावडं नाही. पण ढोलाला अवतरणचिन्हं कशी घालणार?

कारण त्या तबकडीत खाली जो ठेका चालतो, तो जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'मधला. १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीत ते ध्वनिमुद्रण झालं. मध्येच ब्राउन बाकीच्यांना थांबवतात आणि ढोलवाल्याला बजावतात, करामती नकोत, हेच चालू ठेव. मग आठ आवर्तनं नुसता ढोल. वीसेक सेकंद, बस्स. वाजवणारे होते क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसीतल्या चॅटानूगा गावचे. लहानपणी त्यांनी ताल उचलला तो कारखान्यांच्या भोंग्यांतून आणि आगगाड्यांच्या खडखडाटातून. ती वीस सेकंदं पुढे शेकडो गाण्यांत शिरली. पब्लिक एनिमीच्या १९८९च्या 'फाइट द पॉवर'मध्येही तीच आहेत. गाण्याचे हक्क ब्राउन यांच्या नावावर, ठेका मात्र स्टबलफील्ड यांचा. ते होते साथीदार, पगारी. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पैसे तर सोडाच, नावही लिहिलं नाही. २०१७ साली मॅडिसन गावी ते वारले.

कोल्डकटनी पुढे मोठं नाव केलं. त्याच वर्षी एरिक बी आणि रकीम यांच्या गाण्याला त्यांनी येमेनी वंशाच्या ऑफ्रा हाझाचा आवाज जोडला. ती गात होती ते सतराव्या शतकातल्या येमेनच्या शालोम शबाझी या ज्यू कवीचं काव्य. तीनशे वर्षांपूर्वीच्या भक्तिकवीवर लंडन नाचलं! १९९०मध्ये त्यांनी 'निंजा ट्यून' ही स्वतःची कंपनी काढली. ते सारं आनंदाचंच. पण माझं मन अडकलं ते त्या वीस सेकंदांत.

माझे चाचा आमच्या गावच्या बँडपार्टीत साइड-ड्रम वाजवायचे. वरातीत 'नागीन'ची धून लागली की पोरं जमिनीवर लोळायची. ('नागीन'ची ती पुंगी, श्रोतेहो, पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती १९५४ साली वाजवली होती.) बँडच्या गाडीवर मालकाचं नाव रंगवलेलं, क्लॅरोनेटवाल्याला नोटा दाखवल्या जायच्या. चाचांकडे कुणी बघत नसे आणि नाचायचे मात्र त्यांच्यावर. धून संपून दुसरी लागेपर्यंतच्या फटीत ते एकटेच वाजवत राहायचे, म्हणजे पाय थांबू नयेत. माझ्या पहिल्या संग्रहातल्या तीन-चार कविता त्या फटीतल्या ठेक्यावर बेतलेल्या आहेत. समीक्षकांनी लयीचं कौतुक केलं, मुक्तछंदात असा ताल कुठून आला म्हणून विचारलं. मी एका थोर कवीचं नाव सांगितलं. अर्पणपत्रिकेत प्राध्यापकांचं नाव होतं. चाचांना पुस्तक नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आणि चहा मागवला. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, हे मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

घरात एका लग्नाची जुनी कॅसेट होती. मुलाला म्हटलं, बघ त्यात काही सापडतं का. दोन दिवस तो तिच्याशी झटत होता. कर्ण्यांचा कल्लोळ, बायकांचं बोलणं, कुणाची तरी शिवी, आणि मग अचानक ती फट. अकरा सेकंद चाचा एकटे. मुलानं तेवढंच कापलं आणि गोल फिरवत ठेवलं. खोलीत चाचा वाजवत राहिले.

"फाइलला नाव काय देऊ, अब्बा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "चाचांचं दे. पूर्ण दे, वडिलांच्या नावासकट."