टॅक्समध्ये ‘सिंगल’, स्पॉन्सरशिपमध्ये ‘मॅरिड’

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मुख्यतः कॅनडातल्या श्रोत्यांसाठी आहे. पण ज्यांची मुलगी, सून किंवा जावई पुण्या-नाशिकला बसून कॅनडाच्या कागदांची वाट बघतायत, त्यांनीही ऐकायला हरकत नाही. अर्धे कागद तिकडूनच तर येतात.

मी टॅक्सच्या मोसमात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, लोकांचे रिटर्न भरून देते. त्या दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. “ताई, बायकोची स्पॉन्सरशिप टाकतोय. नोटीस ऑफ असेसमेंट काढायला सीआरएच्या अकाउंटमध्ये गेलो, तर तिथे मी अजून ‘सिंगल’ दिसतोय. आता?”

त्या ‘आता?’मधली धास्ती मला कळते. एका सरकारी खात्याला आपण सांगितलंय की लग्न झालं, दुसऱ्याला सांगितलंय की झालं नाही. आणि या दोन विधानांच्या मध्ये एक माणूस तिकडे बॅग भरून बसलाय.

मग लोक काय करतात? घाबरून त्याच रात्री जे दिसेल ते बदलतात. मागचे तीन रिटर्न, चालू स्थिती, सगळं. मी म्हणते, थांबा. आधी तारीख ठरवा. तुमचं लग्न, किंवा तुमचं एकत्र राहणं, कायद्याच्या नजरेत नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं? ती एक तारीख पक्की झाली की कुठलं रिटर्न चुकलंय आणि कुठलं बरोबर आहे ते आपोआप कळतं. ती पक्की न करता दुरुस्ती केलीत, तर एक चूक काढून दुसरी घालाल.

पहिल्यांदा, हे होतं कसं? कॅनडात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं, ज्याचं त्याचं वेगळं. त्यामुळे वाटतं की बायको तर इथे नाहीच, तिचा सोशल इन्शुरन्स नंबर नाही, तिची इथे कमाई नाही, मग तिचा संबंध काय? त्यात सॉफ्टवेअर मागच्या वर्षीची माहिती जशीच्या तशी पुढे ओढतं. मागच्या वर्षी ‘सिंगल’ होतात, या वर्षी त्या पानावर न थांबता पुढे गेलात, झालं. सीआरए विचारतं ती त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरची स्थिती. जोडीदार कुठल्या देशात आहे हा तिथला प्रश्नच नाही. लग्न २० डिसेंबर २०२३ ला पुण्यात झालं आणि तुम्ही ५ जानेवारीला एकटेच टोरांटोला परत आलात, तरी २०२३ च्या रिटर्नमध्ये तुम्ही ‘मॅरिड’. ते रिटर्न तुम्ही एप्रिल २०२४ मध्ये भरता. लग्नाचे हार सुकायच्या आत हा प्रश्न समोर येतो, पण नेमका तेव्हाच तो कुणाच्या डोक्यात नसतो.

आता आपली खास मराठी गुंतागुंत. घरात बोलताना आपण दोन लग्नं मानतो. एक ‘रजिस्टर’, व्हिसासाठी. आणि एक ‘खरं’, म्हणजे मंगलाष्टकं, जेवणावळी, मामाने मुलीला आणणं. रजिस्टर लग्न मार्चमध्ये, खरं लग्न पुढच्या फेब्रुवारीत, हॉल मिळाला की. मधल्या अकरा महिन्यांत मुलगा स्वतःला अविवाहितच समजतो. मुलीची आजी तर समजतेच समजते. आणि रिटर्नमध्ये तेच उतरतं.

इथे कायदा बघावा लागतो. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या, तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न लागलं असेल, तर ते पूर्ण लग्न आहे. त्या दिवसापासून तुम्ही विवाहित. नंतरचे विधी हा घरचा आनंद, पण तारीख पहिलीच. याउलट हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी असेल, तर लग्न होतं ते विधींनी. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. आणि त्याच निकालात कोर्टाने परदेशी व्हिसासाठी आधी नोंदणी उरकून घेण्याच्या प्रथेचा उल्लेखही केलाय. आपलीच गोष्ट. म्हणून तुमचं प्रमाणपत्र कुठल्या कायद्याखालचं आहे ते आजच काढून बघा. विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल, तर कॅनडाचा अर्ज टाकण्याआधी तिकडच्या वकिलाला विचारा. ती टॅक्सची बाब नाही.

प्रमाणपत्रावर दोन तारखा असू शकतात, विवाहाची आणि नोंदणीची. लग्न २८ डिसेंबरला, नोंदणी १७ जानेवारीला. स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर मुलगी विवाहाची तारीख लिहिते, मुलगा सीआरएला नोंदणीची सांगतो, आणि मधून नेमकं वर्ष बदललेलं असतं. तारीख विवाहाची धरायची, दोन्हीकडे.

आता माझ्या मते ‘सिंगल’पेक्षा वाईट चूक. ‘सेपरेटेड’. एखादा प्रामाणिक माणूस विचार करतो: मी इथे, बायको नाशिकला, म्हणजे आम्ही वेगळे राहतो. म्हणून ‘सेपरेटेड’वर खूण करतो. शब्दशः बघितलं तर बिचाऱ्याचं काय चुकलं? पण सीआरएच्या भाषेत सेपरेटेड म्हणजे नातं तुटल्यामुळे किमान नव्वद दिवस वेगळे राहणारे. नोकरी, शिक्षण, आजारपण यामुळे लांब राहावं लागतंय, त्याला ते सेपरेशन म्हणतच नाहीत. तुम्ही मॅरिडच. आता कल्पना करा, ऑफिसर फाइल उघडतो, ज्याचं कामच हे नातं खरं आहे का बघणं, आणि त्याला दिसतं की लग्नानंतर चार महिन्यांनी नवऱ्याने सरकारला लिहून दिलंय, आमचं फाटलंय. ‘सिंगल’चा खुलासा ‘सॉफ्टवेअरने पुढे ओढलं’ असा देता येतो. ‘सेपरेटेड’ मात्र हाताने निवडावं लागतं. तुमच्याकडे ही खूण असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय अर्ज टाकूच नका.

घटस्फोटितांचं एक सांगते, हळू आवाजात. पहिलं लग्न मोडलं, फॅमिली कोर्टाचा निकाल आला, माणूस इथे आला आणि रिटर्नमध्ये ‘सिंगल’ लिहिलं. आपल्याकडे तो शब्द लिहायला जड जातो, मला मान्य आहे. टॅक्सच्या रकमेत बहुधा फरकही पडत नाही. पण दुसऱ्या लग्नानंतर जोडीदाराला बोलावताना पहिल्या लग्नाची माहिती आणि घटस्फोटाचा कागद द्यावाच लागतो. तिथे ‘डिव्होर्स्ड’ आणि इथे वर्षानुवर्षं ‘सिंगल’. एक खूण आहे ती, बदलून टाका. बघणाऱ्या कारकुनाला तुमच्या नातेवाइकांशी काही देणंघेणं नाही.

आता कॉमन-लॉ. आपली बरीच मुलं-मुली इथे शिकायला येतात, एकत्र राहायला लागतात, घरी ‘रूममेट’ म्हणून सांगतात. ठीक आहे, तो तुमचा आणि आईचा प्रश्न. पण पुढे एकाला पीआर मिळतो आणि तो दुसऱ्याला कॉमन-लॉ पार्टनर म्हणून स्पॉन्सर करतो, तेव्हा रिटर्न बोलायला लागतात. इमिग्रेशनला सलग एक वर्ष एकत्र राहणं दाखवावं लागतं. सीआरएचा साधारण नियमही सलग बारा महिन्यांचा, मूल झालं असेल तर त्याआधीच. म्हणून इथे उलटी चूक होते: लोक नको ते रिटर्न दुरुस्त करतात. १ जून २०२२ पासून एकत्र राहताय? मग ३१ डिसेंबर २०२२ ला सातच महिने झालेले. त्या वर्षीचं ‘सिंगल’ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. १ जून २०२३ ला तुम्ही कॉमन-लॉ झालात, म्हणून २०२३ पासून बदल. इमिग्रेशनच्या फॉर्मवर ओळख कधी झाली, एकत्र कधी राहायला लागलो आणि कॉमन-लॉ कधी झालो, या तीन वेगळ्या तारखा आहेत. त्यांची भेळ करू नका.

दुरुस्ती कशी? चालू स्थिती सीआरएच्या ‘माय अकाउंट’मधून किंवा आरसी६५ नावाच्या फॉर्मने कळवता येते. खरं तर स्थिती बदलली की पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचं असतं. फेब्रुवारीत लग्न, तर ३१ मार्चपर्यंत. (सेपरेशनला अपवाद, तिथे नव्वद दिवस उलटू द्यायचे.) पण यामुळे जुनी रिटर्न आपोआप बदलली असं धरून चालू नका. जे वर्ष चुकलंय त्या वर्षाचं रिटर्न तपासून ते वेगळं दुरुस्त करायचं, टी१ ॲडजस्टमेंटची विनंती पाठवून. दहा वर्षं मागेपर्यंतची विनंती करता येते. मग नवी नोटीस येते, रीअसेसमेंटची. ती आणि जुनी, दोन्ही जपून ठेवा.

पैशांचं काय? जीएसटी क्रेडिट कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं. दोघं इथे राहून, दोघं कमवून, दोघांनी ‘सिंगल’ म्हणून घेतलं असेल तर काही परत जाईल. मूल असेल आणि एकट्या पालकाची सवलत घेतली असेल तर जास्त जाईल. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागता येतात. पण कधी उलटंही होतं. बायको भारतात आहे, तिचं उत्पन्न नाही किंवा फार कमी आहे, आणि तिचा खर्च तुम्ही खरोखर उचलता, तर स्पाउस अमाउंट मागता येऊ शकते, ती परदेशात असली तरी. लोक ‘सिंगल’ लिहून स्वतःचंच नुकसान करून घेतात! मात्र तिचं जगभरातलं निव्वळ उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये लिहायचं, पुण्याचा पगारही त्यात आला. आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या ठेवायच्या. त्याच पावत्या नातं खरं असल्याचा पुरावा म्हणून स्पॉन्सरशिपमध्येही चालतात.

तसं बघितलं तर जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपला सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. म्हणजे नोटिशीवरचा आकडा लहान आहे म्हणून लाजून ती लपवायचं कारण नाही.

अर्जासोबत एक पानी खुलासा जोडा. त्यात रडगाणं नको, प्रेमाची कहाणी तर मुळीच नको, ती दुसऱ्या फॉर्मवर आहे. लग्न अमुक तारखेला, अमुक ठिकाणी झालं. अमुक वर्षाच्या रिटर्नमध्ये ‘सिंगल’ राहिलं, कारण असं असं. अमुक तारखेला दुरुस्तीची विनंती केली, तिची पोच सोबत. रीअसेसमेंट आली असेल तर ती सोबत, यायची असेल तर तसं लिहा. बस. कारण खरं तेच लिहा. ‘अकाउंटंटने केलं’ असं लिहायची फॅशन आहे, पण सही तुमची असते. अर्ज आधीच गेला असेल तर आयआरसीसीच्या वेब फॉर्मवरून हेच पाठवा, त्यांनी विचारायची वाट न बघता. त्यांनी विचारलंच, म्हणजे प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं, तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. ते पत्र म्हणजे नकार नव्हे, पण ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला ठेवायचा कागदही नव्हे.

एका प्रकरणात मात्र माझ्याकडे येऊ नका, थेट परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडे किंवा वकिलाकडे जा. तुम्ही स्वतः पीआर म्हणून उतरलात तेव्हाच तुमचं लग्न झालेलं होतं, किंवा अर्ज चालू असताना गावी जाऊन रजिस्टर लग्न केलंत, आणि तिथे ‘सिंगल’ तसंच राहू दिलंत. ही टॅक्सची चूक नाही. इमिग्रेशनच्या नियमांत कलम ११७(९)(ड) आहे. पीआर होताना जे कुटुंबीय सांगितले नाहीत, म्हणून तपासले गेले नाहीत, ते पुढे फॅमिली क्लासमधून वगळले जातात. बायको खरी, लग्न खरं, फोटो खरे, तरी दार बंद होऊ शकतं. शिवाय खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी हा वेगळा विषय. म्हणून ज्यांचा पीआर अजून यायचाय आणि घरचे म्हणतायत ‘पटकन सह्या करून घे, कुणाला कळतंय’, त्यांनी उतरण्याच्या आधी आयआरसीसीला कळवा. त्याने फाइल लांबेल. लांबू द्या.

आणि जोडीदार येऊन पोचला की त्याचं इथलं पहिलं रिटर्न येतं. त्यात कॅनडात आल्याची तारीख विचारतात, त्याआधीचं उत्पन्न विचारतात, आणि वैवाहिक स्थिती विचारतात. तिथे तीच तारीख, तोच शब्द. नव्या उत्साहात पुन्हा ‘सिंगल’वर बोट पडू देऊ नका, कारण पानाची सुरुवात तिथूनच होते आणि सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी पुन्हा तेच ओढणार.

पुढच्या भागात आई-वडिलांच्या सुपर व्हिसाबद्दल बोलू, त्याचे बरेच प्रश्न साठलेत.