चाळीस सेकंदांचं इंग्रजी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आम्हा नागपूरकरांच्या तोंडी सीताबर्डी हे पूर्ण नाव क्वचितच येतं. आमची ती नुसती बर्डी. कपडा घ्यायचा, चष्मा घ्यायचा, पुस्तक घ्यायचं, की माणूस बर्डीवर निघाला. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात कविता वाचायला म्हणून मीही कित्येक वर्षं बर्डीवर जात आलो. पण मागची तीन वर्षं माझ्या पिशवीत कवितांच्या वहीशेजारी इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं असायची. ती माझ्या मुलीसाठी.

आधी एक कबुली देतो. मुलीला मराठी शाळेत घालण्याचा निर्णय माझा होता. आमच्या घरात हिंदी-उर्दूची सरमिसळ, गल्लीत वऱ्हाडी, आणि मी लिहितो मराठीत. तिची अम्मी म्हणाली होती, "इंग्रजी शाळेत घालू या." मी म्हणालो, "जी भाषा मला कविता देते, तीच तिला शिक्षण देईल." बोलायला वाक्य छान होतं. त्याचा हिशेब पुढं मुलीला द्यावा लागला. पदवी झाल्यावर ती बँकेच्या परीक्षेला बसली आणि पाऊण गुणानं हुकली. गणितात कमी नव्हती, तर्कात कमी नव्हती. इंग्रजीत अडली. त्या रात्री ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ही परीक्षा कशी असते, ते ज्यांच्या घरात असा उमेदवार नाही त्यांना सांगतो. बँकेच्या लिपिकपदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न आणि वेळ वीस मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला चाळीस सेकंद. उतारा वाचायचा तोही त्यातच. पाच पर्याय, आणि उत्तर चुकलं की पाव गुण वजा. डोळे मिटून पाच प्रश्नांवर टिचकी मारली तर सरासरीनं एक बरोबर येणार आणि चार चुकणार. मिळवलेला एक गुण चार पावांत जाणार. हाती शून्य. तीन चुकीच्या उत्तरांचा दंड किती? पाऊण गुण. मुलीनं शेवटच्या मिनिटाला तीन प्रश्न अंदाजानं सोडवले होते. तिघांनीही दगा दिला.

२०२१ साली सरकारनं ठरवलं, की सरकारी बँकांची लिपिकांची परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांतून घ्यायची. त्यात मराठीही आहे. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहिला, आणि ते साहजिकच. गणिताचं भाषांतर होतं, इंग्रजीचं कसं होणार?

हे दुखणं एका घरचं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगानं २०११ पासून पूर्वपरीक्षेत सी-सॅट आणली. त्यातल्या इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ साली दिल्लीत मुलं रस्त्यावर उतरली. अखेर ते गुण यादीसाठी धरायचे नाहीत, असं सरकारला जाहीर करावं लागलं. पण प्रत्येक परीक्षेसाठी काही आंदोलन होत नाही. बाकीच्यांना अभ्यासच करावा लागतो.

मग बापलेकीनं अभ्यास मांडला. मी जुन्या वळणाचा. आमच्या पिढीचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर पोसलेलं. यातला रेन म्हणजे पी. सी. रेन. तो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि पुढं 'बो जेस्ट' ही त्याची कादंबरी खूप गाजली. व्याकरणवाल्याच्या पोटात गोष्ट असते, याचा मला फार धीर वाटला. मी मुलीला नियमामागचं कारण सांगू लागलो. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही कारण सांगता. पेपरला कारण नको असतं, पर्याय हवा असतो."

तिचं चुकत नव्हतं. पण तिच्या चुका एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की त्या वाटेल तशा झालेल्या नाहीत. त्यांना मराठीचा वास आहे. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. आपला 'पासून' एकच. इंग्रजीला दोन लागतात: सुरुवात सांगायची तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर'. आपण एखाद्या'शी' लग्न करतो, म्हणून हात 'विथ'कडे जातो. इंग्रजीला 'टू' हवा. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडे नाहीतच. जे आपल्या घरात नाही ते हरवलं तरी कळत नाही.

तेव्हा एक वही केली. रोज सराव-चाचणी सोडवायची, चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा आणि तो का चुकला, ते एका वाक्यात मराठीत लिहायचं. मराठी अडवते कुठं, तेही लिहायचं आणि मदत करते कुठं, तेही. 'वन ऑफ माय' नंतर 'फ्रेंड' की 'फ्रेंड्स'? मराठीत म्हणून पाहा: माझ्या मित्रांपैकी एक आला आहे. 'मित्रांपैकी' अनेकवचन, 'आला आहे' एकवचन. उत्तर घरातच होतं. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला, की कारण आठवायला दोन सेकंद पुरतात. वाचलेले सेकंद उताऱ्याला मिळतात.

शब्दांच्या बाबतीत मात्र कवी कामाला आला. ती समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायची आणि विसरायची. मी विचारलं, "पाणी, जल, नीर, उदक, सगळे एकच ना? मग हॉटेलात 'एक ग्लास उदक द्या' म्हणून बघ." ती हसली. त्या घरात पुष्कळ दिवसांनी हसली. शब्दाला शेजार असतो. आपला पाऊस मुसळधार असतो, त्यांचा 'हेवी'. 'स्ट्राँग' कधी नसतो. त्यानंतर यादी बंद केली आणि शब्द वाक्यासकट लिहायला लागलो. नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचं पुस्तक बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालं. त्यात शब्दांची मुळं धरून शिकवलं आहे. आपल्या 'सु' आणि 'दुर्' सारखे तिकडं 'बेनी' आणि 'माल'. एक मूळ धरलं की पाचसहा शब्द हाताला लागतात.

वाचनाला तेवढा काही उपाय सापडला नाही, वाचण्याखेरीज. रोज रात्री इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख ती मोठ्यानं वाचायची आणि दोन वाक्यांत मराठीत सांगायची. पहिल्या महिन्यात आम्ही दोघंही घामाघूम. तिसऱ्या महिन्यात ती मला अग्रलेखातली चूक दाखवू लागली.

यंदा ती पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली. मुख्य परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून पेढे आताही वाटलेले नाहीत. माझा निर्णय बरोबर होता की चूक, याचे पर्याय कुणी दिले तर मी तो प्रश्न सोडून पुढं जाईन. एवढं मात्र म्हणेन, की मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इंग्रजी शिकवताना मराठी दाराबाहेर ठेवू नका. तिला सोबत घ्या, ती वाट दाखवते.

परवा एका चर्चासत्राचं इंग्रजीत निमंत्रण आलं. मी उत्तर लिहिलं आणि मुलीला दाखवलं. तिनं 'डिस्कस अबाउट' मधला 'अबाउट' खोडला आणि समासात मराठीत लिहिलं: "अब्बा, आपण विषयावर चर्चा करतो. पण 'डिस्कस'च्या पोटातच तो 'वर' आहे."

ते पत्र मी पाठवलं नाही. दुसरं स्वच्छ लिहून पाठवलं. हे वहीत ठेवलं आहे.