उंटावरचे शहाणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गोष्ट १९७१ सालच्या जुलै महिन्यातली आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीचा मुक्काम आटोपून पाकिस्तानात पोहोचले. ८ जुलैला बातमी पसरली की पाहुण्यांचे पोट बिघडले आहे आणि विश्रांतीसाठी ते नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी जाणार आहेत. दुसऱ्या दिवशी मोटारींचा ताफा डोंगराच्या दिशेने निघालाही. पण त्यात किसिंजर नव्हते. त्यांना घेऊन पाकिस्तानचे एक विमान पहाटेच बीजिंगकडे उडाले होते. तिथे चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याशी त्यांच्या तासन्‌तास वाटाघाटी झाल्या आणि ११ जुलैला ते गुपचूप परतलेसुद्धा. चार दिवसांनी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केले, 'मी चीनला जाणार आहे.' सारे जग चकित झाले.

चकित होणाऱ्यांत अमेरिकेचे स्वतःचे परराष्ट्र खातेही होते. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना अगदी शेवटच्या घटकेपर्यंत या प्रवासाचा पत्ता नव्हता. आता जरा गंमत पाहा. निक्सन यांना जनतेने निवडून दिले होते. रॉजर्स निवडून आलेले नसले तरी त्यांच्या नेमणुकीवर सिनेटने शिक्कामोर्तब केले होते. किसिंजर यांना मात्र ना कोणी मत दिले होते, ना सिनेटने त्यांची परीक्षा घेतली होती. हार्वर्ड विद्यापीठातले हे प्राध्यापक अध्यक्षांनी बोलावले म्हणून आले आणि जगाच्या राजकारणाची दिशा बदलण्याच्या कामाला लागले.

हे एकट्या किसिंजर यांच्या बाबतीत घडले असे नाही. अमेरिकेत ही परंपराच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याजवळ टेक्सासचे एडवर्ड हाउस नावाचे गृहस्थ होते. लोक त्यांना 'कर्नल हाउस' म्हणत, पण त्यांनी कधी सैन्यात नोकरी केली नव्हती. ती पदवी नुसती मानाची. सरकारात कोणतेही पद नसताना ते युरोपात जाऊन मंत्र्यांशी आणि राजांशी बोलत. विल्सन यांनी १९१८ साली मांडलेल्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांच्या तयारीत त्यांचा मोठा हात होता. पुढे १९१९ साली पॅरिसच्या तह परिषदेच्या वेळी विल्सन यांचे त्यांच्याशी बिनसले आणि हाउस यांचा सगळा दबदबा एकाएकी संपला. अशा सल्लागाराची खुर्ची म्हणजे अध्यक्षांची मर्जी. मर्जी असेतो परराष्ट्रमंत्रीही त्याच्यापुढे फिका, ती गेली की तो कोणीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स तर साडेतीन वर्षे व्हाइट हाउसमध्येच राहत होते. १९४१ च्या जानेवारीत ते चर्चिल यांना भेटले, जुलैत स्टालिनला. ब्रिटनला आणि रशियाला अमेरिकेची युद्धसामग्री मिळवून देण्यात या आजारी, किडकिडीत माणसाने जिवाचे रान केले. म्हणजे अशा सल्लागारांनी नेहमी वाईटच केले असे मुळीच नाही.

युद्धानंतर या प्रथेला कार्यालय मिळाले. १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९५३ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तिचे काम पाहण्यासाठी स्वतःचा एक खास सहायक नेमला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद ते हेच. सुरुवातीला त्याचे काम साधे होते. सगळ्या खात्यांची मते गोळा करायची आणि अध्यक्षांसमोर नीट मांडायची. पण कोणते कागद आधी ठेवायचे आणि कोणते तळाशी, हे ज्याच्या हातात असते त्याचे वजन वाढतच जाते. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत गेलात तरी साहेबांच्या दाराशी बसणाऱ्या माणसाचे महत्त्व ध्यानात येते. इथे तर तो दरवाजा जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाचा होता.

या पदाची ताकद प्रथम खऱ्या अर्थाने दिसली ती मॅकजॉर्ज बंडी यांच्या काळात. वयाच्या चौतिसाव्या वर्षी हार्वर्डचे डीन झालेले बंडी १९६१ साली केनेडी यांचे सल्लागार झाले आणि केनेडींच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांच्याजवळ राहिले. १९६४ च्या निवडणूक प्रचारात जॉन्सन यांनी सूर लावला होता की आशियातल्या मुलांनी लढायची लढाई अमेरिकेची मुले लढणार नाहीत. लोकांनी त्यांना भरभरून मते दिली. पुढच्याच फेब्रुवारीत बंडी व्हिएतनामला गेले. ते तिथे असतानाच प्लेकू येथील अमेरिकन तळावर हल्ला झाला. उत्तर व्हिएतनामवर सतत बॉम्बवर्षाव करावा, असे टिपण त्यांनी अध्यक्षांना दिले. मार्चमध्ये तो सुरू झाला. १९६४ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये सुमारे २३ हजार अमेरिकन सैनिक होते, १९६५ च्या अखेरीस १ लाख ८४ हजार झाले. युद्ध संपेपर्यंत ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामी माणसे तर लाखांनी मेली.

बंडी १९६६ साली पद सोडून एका मोठ्या धर्मादाय संस्थेचे प्रमुख झाले. आयुष्याच्या शेवटी, आपले कुठे चुकले याचा शोध घेणारे पुस्तक ते लिहीत होते. १९९६ साली ते वारले आणि पुस्तक अपुरेच राहिले.

लहानपणी ऐकलेली उंटावरच्या शहाण्याची गोष्ट इथे आठवते. वासराचे तोंड रांजणात अडकले म्हणून घरच्यांनी एका शहाण्याला बोलावले. तो उंटावरून उतरायला तयार होईना, म्हणून आधी त्याच्यासाठी दरवाजा पाडला. मग त्याने सल्ला दिला की वासराची मान कापा. मान कापली, तरी डोके रांजणातच. मग रांजण फोडा म्हणाला. घराचा दरवाजा गेला, वासरू गेले, रांजण गेला आणि शहाणा उंटावर बसूनच पुढच्या गावाला गेला. या गोष्टीत आपण नेहमी शहाण्याला हसतो. पण दरवाजा पाडला तो घरच्यांनीच, हे विसरतो. बॉम्बफेकीचा हुकूम शेवटी जॉन्सन यांनीच दिला. त्यांच्याच सरकारातले जॉर्ज बॉल १९६४ पासून या युद्धाविरुद्ध टिपणे लिहून देत होते. तीही त्यांच्यासमोर होती.

आता पुन्हा १९७१ कडे वळू. त्या वर्षाचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड सुरू केले. तिथल्या अमेरिकन वकिलातीचे प्रमुख होते आर्चर ब्लड. ते ढाक्यातच होते, सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. वॉशिंग्टन मात्र गप्प होते. ६ एप्रिलला ढाक्यातल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी सही करून एक तार पाठवली. आपल्या सरकारचे धोरण नीतीला धरून नाही आणि देशाच्या हिताचेही नाही, असा त्यांचा रोख होता. ब्लड यांनी तिला आपला पाठिंबा जोडला. दिल्लीतले अमेरिकन राजदूत केनेथ कीटिंग यांचेही मत तसेच होते.

लक्षात घ्या, ब्लड यांनाही कोणी निवडून दिले नव्हते. तेही पगारी नोकरच. पण त्यांचा आवाज अध्यक्षांच्या खोलीपर्यंत जाऊन विरला, कारण त्या खोलीत किसिंजर होते आणि त्यांच्या डोक्यात चीन होता. चीनशी चाललेल्या गुप्त बोलण्यांचा दुवा होते पाकिस्तानचे याह्याखान. त्यांना दुखवायचे नव्हते. एप्रिलच्या अखेरीस किसिंजर यांनी पर्यायांचे टिपण ठेवले आणि याह्याखानांवर सध्या दबाव आणू नका, असा शेरा निक्सन यांनी आपल्या हाताने त्यावर लिहिला. ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली. ढाक्यातल्या त्या अधिकाऱ्यांना आपल्या सरकारचा चीनशी चाललेला डाव ठाऊकच नव्हता. आणि ज्यांना तो ठाऊक होता त्यांना ढाक्यातल्या प्रेतांपेक्षा तो मोठा वाटत होता.

परिणाम आपण भोगला. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर शरणार्थींच्या मदतीसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या आईने मुलाला पाठवलेल्या पाकिटावरही ते असे. डिसेंबरात युद्ध पेटले. मुंबईकरांनी खिडक्यांना काळे कागद लावून रात्री काढल्या आणि अमेरिकेची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. हे सारे काही एका माणसाने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हत्याकांड पाकिस्तानी लष्कराने केले आणि धोरण निक्सन यांचे होते. किसिंजर यांची बाजूही मांडली पाहिजे. चीनला जवळ करून त्यांनी रशियावर वचक बसवला आणि एक मोठा देश जगाच्या व्यवहारात परत आणला. पण त्यासाठी कोणाला किती किंमत मोजावी लागते आहे, हा प्रश्न त्या वेळी त्यांना उघडपणे विचारणारे कोणी नव्हते. अध्यक्षांचा खाजगी सल्लागार या नात्याने संसदेपुढे साक्ष देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. किसिंजर सिनेटपुढे प्रथम रीतसर उभे राहिले ते १९७३ साली परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा. खोलीतले खरे बोलणे जगापुढे यायला तर आणखी कितीतरी वर्षे लागली. २००५ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या काळातली कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणांचे उतारे प्रसिद्ध केले. इंदिरा गांधींबद्दल आणि भारतीयांबद्दल वापरलेली भाषा वाचून इथे संताप उसळला आणि किसिंजर यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. तोवर चौतीस वर्षे उलटून गेली होती. ब्लड त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

अशा माणसांचा प्रभाव त्यांच्या पदापेक्षा जास्त टिकतो, तो कसा? याचेही उदाहरण किसिंजरच आहेत. १९७७ साली त्यांनी सरकारी पद सोडले. पुढे त्यांनी सल्ल्याचीच पेढी काढली आणि एकामागून एक अध्यक्ष त्यांचे मत घेत राहिले. २०२३ च्या जुलैमध्ये, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर, ते पुन्हा बीजिंगला गेले आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी त्यांचे जुन्या मित्राप्रमाणे स्वागत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. निक्सन गेल्यावरही त्यांचा सल्ला चालत राहिला. अध्यक्षाची मुदत चार किंवा आठ वर्षांची. सल्ल्याला मुदत नसते.

उत्तरदायित्वाचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. रेगन यांच्या काळात सुरक्षा परिषदेच्या नोकरांनीच इराणला शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला, तेव्हा चौकशी आयोग बसले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे तेव्हाच्या सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी जाहीर साक्ष द्यावी याला व्हाइट हाउसने आधी नकार दिला होता. लोकमताच्या दबावामुळे ८ एप्रिल २००४ रोजी त्यांना शपथेवर बोलावे लागले. २०१६ साली तर परिषदेतल्या धोरणविषयक नोकरांची संख्या दोनशेच्या वर जाऊ नये, असा कायदाच अमेरिकन संसदेने केला. पण दार लावले की खिडकी उघडते. २०२५ साली ट्रम्प यांचे जुने स्नेही आणि जमीनजुमल्याच्या धंद्यातले स्टीव्ह विटकॉफ युक्रेनच्या प्रश्नावर पुतिन यांच्याशी बोलायला वारंवार रशियात जाऊन आले. कर्नल हाउस यांना ही पद्धत ओळखीची वाटली असती.

आणि हा प्रश्न आता फक्त अमेरिकेचा नाही. आपल्याकडेही १९९८ साली राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण झाले. ते असावेच, कारण राज्य चालवणाऱ्याला सगळ्याच गोष्टी कळतात असे नाही. ज्याला सल्ला नको असतो तो राज्यकर्ता जास्त धोक्याचा.

म्हणून सल्लागार निवडून आलेला नाही ही तक्रार पुरेशी नाही. ब्लडही निवडून आलेले नव्हते. त्यांच्यात आणि किसिंजर यांच्यात फरक एवढाच, की ब्लड यांनी आपले मत सही करून पाठवले आणि त्याची किंमत मोजली. मतपेटीतून आलेल्या माणसाला आपण पाच वर्षांनी का होईना जाब विचारू शकतो. त्याच्या कानाशी लागलेल्याचे काय? त्याने काय सांगितले, कोणाचे म्हणणे तळाशी ठेवले, हे विचारण्याची सोय वेळेवर हवी. चौतीस वर्षांनी कागद उघडले तर इतिहासकारांचे भागते. पण त्या पाच पैशांच्या तिकिटाचा हिशेब तोवर कोणी मागायला उरत नाही.

उंटावरच्या शहाण्याला घरात जरूर बोलवावे. पण आधी त्याला उंटावरून खाली उतरायला सांगावे.