गोठ्याचा ताळेबंद

कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील माळरानांवर मांसासाठीं गाईंचे कळप पाळणारा शेतकरी शरद ऋतु संपत आला म्हणजे आपल्या गाई एकेक करून तपासून घेतो. जी गाभण ठरते तिला हिंवाळाभर चारा मिळतो; जी रिकामी राहिली, जिचे दांत झिजले किंवा जिची कास बिघडली, ती बाजारांत जाते. बर्फाखालीं गवत गडप झालें कीं प्रत्येक तोंडाला सांठवलेला चारा घालावा लागतो. म्हणून हा निवाडा कठोर असला तरी सरळ असतो.

सावंतवाडी आणि बांदें यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा रस्त्यावर वसलेल्या इन्सुली गांवीं बर्फ पडत नाहीं, आणि मांसासाठीं तेथें कोणी गाय पाळीतहि नाहीं. तरीहि हाच प्रश्न तेथील शेतकऱ्यापुढें उभा राहतो. मात्र निराळ्या ऋतूंत आणि अधिक अवघड रूपांत. कोंकणचा खरा दुष्काळ हिंवाळ्यांत नसून चैत्र-वैशाखांत असतो. चार महिने धोधो पाऊस पडतो, सडे आणि डोंगरउतार हिरवेगार होतात. पण जांभ्या दगडावरील पातळ मातींत ओल टिकत नाहीं. मार्गशीर्षापर्यंत गवत पिवळें पडतें, फाल्गुनांत त्याची काडीच उरते, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत गुरांचा जीव पेंढ्याच्या उडवीवर अवलंबून राहतो.

श्रोत्यांनीं इन्सुलींतील एखादा साधा गोठा डोळ्यांसमोर आणावा. त्यांत पांच जनावरें आहेत: एक दुभती गाय, एक गाभण, एक पाडी, एक म्हातारी भाकड गाय आणि एक बैल. जात कोंकण कपिला. लहान चणीचें, काटक, डोंगरांत चरणारें आणि थोडेंच दूध देणारें हें जनावर 2018 सालीं स्वतंत्र जात म्हणून नोंदलें गेलें. असें जनावर दिवसाला सुमारें 5 किलो सुका चारा खाईल असें धरलें, तर 10 जानेवारीपासून मृगापर्यंतच्या 150 दिवसांत एका तोंडाला 750 किलो आणि पांचांना 3,750 किलो पेंढा लागेल. उडवींत मात्र 3,000 किलोच आहे. म्हणजे चारा चौघांचा आणि तोंडें पांच.

या वजाबाकीकडे डोळेझाक केली तर काय होतें? पांचांनाहि पोटभर घातलें तर 10 मेच्या सुमारास उडवी संपते. सर्वांनाच थोडें थोडें कमी घातलें तर पांचहि जनावरें पावसाच्या तोंडाशीं हाडांचा सांपळा होऊन उभीं राहतात. गाभण गाय अशक्त वासरूं देते, दुभतीचें दूध आटतें, पाडी वेळेवर माजावर येत नाहीं. एकावर केलेली दया अशी पांचांच्या जिवावर बेतते.

मग कोणाला ठेवावें? गाभण, दुभती आणि पाडी यांच्याविषयीं शंका नाहीं. उद्यांचा गोठा त्यांच्यावरच उभा आहे. परंतु गाय गाभण आहे कीं नाहीं हें पशुवैद्याकडून वेळींच तपासून घ्यावें लागतें. गाईचा गर्भकाळ सुमारें 280 दिवसांचा. नुसत्या अंदाजावर रिकामी गाय पोसणें म्हणजे अख्खा उन्हाळा पणाला लावणें. बैलाची गोष्ट निराळी. पूर्वीं तो घरचा कर्ता पुरुष होता. आतां पॉवर टिलर कांहीं तासांत कुणगा नांगरून देतो, आणि वर्षांतून थोडकेच दिवस जोताला जाणारा बैल वर्षभर खातो.

उरली म्हातारी गाय. हिशेब पाहिला तर पहिलें बोट तिच्याकडेच वळतें. पण परदेशांतल्या शेतकऱ्याला जो दरवाजा मोकळा आहे तो येथें नाहीं. महाराष्ट्रांत 1976 च्या कायद्यानें गाईची कत्तल बंद झाली. 2015 सालच्या दुरुस्तीनें बैल आणि वळू यांनाहि तें संरक्षण मिळालें, आणि त्यांना कत्तलीसाठीं राज्याबाहेर नेण्यासहि मनाई झाली. कायद्याच्याहि आधीं घरांतल्या माणसांचें मन आडवें येतें. जिच्या दुधावर मुलें वाढलीं, तिच्या दाव्याला हात घालावयास घरांतील वडील बाई तयार होत नाहीं. शिवाय म्हातारी अगदींच निरुपयोगी नसते. माडांना आणि काजूंना शेणखत लागतें, आणि शेण कांहीं वयावर अवलंबून नसतें.

म्हणून कांहीं घरें वाईटांतली वाईट वाट धरतात: दावें सोडून देतात. जनावर रानांत भटकतें, शेजाऱ्याचें वायंगण खातें आणि अखेर रात्रीं हमरस्त्यावर येऊन बसतें. याला निर्णय म्हणतां येत नाहीं. आपल्या घरचा निर्णय दुसऱ्याच्या गाडीवर ढकलणें एवढाच त्याचा अर्थ.

खरा निर्णय वैशाखांत नव्हे, मार्गशीर्षांत करावयाचा असतो. तेव्हां जनावर अंगानें भरलेलें असतें. ज्याच्या घरीं अजून जोत चालतें अशा शेतकऱ्याला बैल त्या वेळीं चांगल्या किंमतीला देतां येतो, आणि तोंडें चार होतात. ज्याला तेंहि जमत नाहीं त्यानें चारा वाढवावा. आश्विन-कार्तिकांत गवत जून होण्यापूर्वीं कापून वाळवावें. पेंढा तोडून घातल्यास वायां कमी जातो. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि ढीग तीन आठवडे घट्ट झांकून ठेवावा, म्हणजे तोच पेंढा अधिक पचतो व अधिक पोसतो. मात्र ही क्रिया जाणत्याच्या देखरेखीखालींच करावी. युरिया तसाच पोटांत गेला तर तो विष ठरतो.

शहरांतील घरांत सकाळीं दूध येतें तेव्हां त्यामागें फक्त दुभती गाय दिसते. तिच्या शेजारीं बांधलेली भाकड आई, कामावेगळा झालेला बैल आणि उडवीकडे पाहून मनांतल्या मनांत दिवस मोजणारा शेतकरी दिसत नाहींत. गाय मारूं नये असें समाजानें ठरविलें. ती कोणाच्या पेंढ्यावर जगावी, हें मात्र अजून ज्याच्या त्याच्या गोठ्यावरच सोडलेलें आहे. इन्सुलीच्या गोठ्यांतला तो 750 किलोंचा तुटवडा, या दृष्टीनें पाहिलें तर, एकट्या इन्सुलीचा नाहीं.