वहिनींचं नाव सगळीकडे एकच आहे ना?

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्यात माजी सैनिकांना कागदपत्रांसाठी मदत करतो. आज एकच गोष्ट सांगणार आहे.

आपला जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. 15 वर्षं सेवा झाली असेल तर पेन्शन असते. मग नोकरी, कॅन्टीन कार्ड, ईसीएचएसचं कार्ड, यांच्यामागे धावपळ सुरू होते. पीपीओ मात्र कोणी नीट वाचत नाही.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. मग पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचं 'सुमन', आधारवर सासरचं 'सुनीता', जन्मतारीखही वेगळी. नवरा हयात आहे तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला, की फॅमिली पेन्शन अडते. दुःखात असलेल्या त्या बाईला 'ती मीच' हे सिद्ध करत फिरावं लागतं.

म्हणून दादांनो, आजच पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक शेजारी शेजारी ठेवा. वहिनींना सोबत घ्या. नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, ते तिथे समजेल. तुम्ही स्वतः सही करू शकता, तोवर हे काम सोपं आहे.

आणि हो, दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका. पलटणीत किट तपासायचो ना, तसेच हे कागद तपासा.

जय हिंद!