राजीनाम्याच्या आधीचं वर्ष

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



नोकरीला वैतागलेल्या माणसानं काय करावं, यावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं आणि हंगामही नेमका साधला. एप्रिल-मे म्हणजे अप्रेझलचे दिवस. हिंजवडीपासून चाकणपर्यंत पगारवाढीची पत्रं हातात पडतात आणि पाठोपाठ राजीनामे सुरू होतात. माझी सगळी नोकरी ते राजीनामे स्वीकारण्याच्या खुर्चीत गेली. आधी त्या खात्याला पर्सोनेल म्हणत, पुढे एच.आर. म्हणू लागले, काम तेच राहिलं. राजीनाम्याच्या पत्रात कारण एकच लिहिलेलं असतं, ‘वैयक्तिक कारणास्तव’. खरं कारण दार लावून घेतल्यावर कळतं.

या संभाषणांतून माझं एक मत बनलं, ते आधीच सांगतो. काम बदलायचं असेल तर राजीनामा हा त्यातला शेवटचा कागद असावा. खरा बदल त्याच्या आधीच्या वर्षात, पगार चालू असताना, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घडतो. रागाच्या भरात सोडणारा माणूस बहुधा दुसऱ्या इमारतीत जाऊन तेच काम करतो, आणि दीड-दोन वर्षांनी तितकाच वैतागलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न, दुखतंय नेमकं कुठे? ‘नोकरी नकोशी झालीय’ या वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. साहेब नकोसा झालेला असतो, कंपनी नकोशी झालेली असते, काम नकोसं झालेलं असतं, किंवा त्या कामाभोवतीचं जगणं. यात रात्रपाळी आली, रोजचा दोन तासांचा प्रवास आला, बदलीच्या गावी एकट्यानं राहणं आलं. चारही तक्रारींचे उपाय वेगळे आहेत. साहेबाचा जाच असेल तर खातं बदलून मिळतं का ते पाहावं. कंपनी वाईट असेल तर तेच काम दुसरीकडे करावं. जगणं अवघड झालं असेल तर पाळी, गाव किंवा घर यांपैकी काय हलवता येईल ते बघावं. कामच नकोसं झालं असेल तरच आजचा विषय सुरू होतो.

हे ओळखण्यासाठी दोन-तीन महिने एक साधी वही ठेवा. आज कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कुठल्या कामानं जीव नकोसा केला, एवढंच रोज दोन ओळींत लिहा. इंजिनिअर मुलांना वाटतं की आपल्याला यंत्रांचा कंटाळा आलाय. वही चाळली की दिसतं, कंटाळा रिपोर्ट भरण्याचा आहे आणि मशीनजवळचे तास अजूनही बरे जातात. अशा माणसानं हॉटेल काढायला निघू नये.

एक गोष्ट याच्याही आधीची. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर करिअरचा निर्णय थोडा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ या क्रमांकावर. तिथे मराठीतही बोलता येतं.

आता तीन माणसांबद्दल बोलू. तिघंही आपल्या परिचयाचे आहेत. पण त्यांच्या यशाची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि तयारीची गोष्ट गाळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत ते दाखल झाले आणि तिथे लक्षात आलं की काही रंगांमधला फरक त्यांना नीट कळत नाही. चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन त्यांनी सोडलं नाही. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे त्यांची बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. इथवरची गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातला पुढचा तपशील मोलाचा वाटतो. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला धाडत होते आणि त्यांचे बंधू रामूअण्णा तिथे त्या विकत होते. म्हणजे राजीनामा दिला त्या दिवशी बेळगावात दुकान, गिऱ्हाईक आणि भरवशाचा भागीदार तयार होता. पुढे कडबा कापण्याचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. मग बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षकाच्या खुर्चीतून थेट कारखान्यात असा हा प्रवास झालेला नाही. रेखाटन, सायकल, दुरुस्ती, शेतीची अवजारं असं एकेक शेजारचं पाऊल पडत गेलं. जुनं कौशल्य प्रत्येक वेळी बरोबर होतं.

दुसरे डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली, ती वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. ऐकायला ही झेप वाटते. पण भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत ते पन्नासच्या दशकापासून हौशी नाटकं करत होते. शिक्षण आणि डॉक्टरकी सांभाळत तालमी, प्रयोग, पुन्हा तालमी. लोकांसमोर उभं राहिल्यावर आपल्याला काय जमतं आणि काय नाही, हे त्यांना निर्णयाच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. नाटकाची आवड असलेला डॉक्टर आणि वर्षानुवर्षं नाटक केलेला डॉक्टर यांत हाच फरक आहे. आपली आवड खरी की कामाच्या कंटाळ्यातून सुचलेली, हे असं करून पाहिल्यावरच ठरतं.

तिसरे दादासाहेब फाळके. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी, छापखाना असं सगळं करून झालं होतं. भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सुटला. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाचा ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले, १९१२ साली लंडन गाठलं, तंत्र शिकून परत आले. आता भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल वाढेपर्यंतची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटासा चित्रपट. तो पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हाताशी असेल तेवढ्या सामग्रीत एक पूर्ण, दाखवता येईल असा नमुना त्यांनी आधी तयार केला, हे मला फार मोठं वाटतं.

आपला वाटाणा कोणता, ते प्रत्येकानं शोधावं. शिकवायचं असेल तर शनिवारी एखाद्या क्लासमध्ये सहा महिने शिकवा. तोच धडा पाचव्यांदा शिकवताना उत्साह टिकतो का, ते बघा. डब्यांचा व्यवसाय करायचा असेल तर ओळखीच्या दहा घरांना महिनाभर डबे द्या आणि गॅस, भाजी, पोचवणं, बुडालेले पैसे सगळं धरून हिशेब मांडा. नवं क्षेत्र असेल तर त्यात दहा वर्षं काढलेल्या दोघा-तिघांना भेटा आणि त्यांच्या साध्या मंगळवारी ते काय करतात ते विचारा. पदवी लागणारच असेल तर नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

इथे एक इशारा. जोडधंदा करण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. पुष्कळ कंपन्या दुसरं काम करायला मनाई करतात. सरकारी कर्मचाऱ्यांना तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत; परवानगीशिवाय धंदा चालत नाही. शिकायला, शिकाऊ म्हणून बघायला सहसा आडकाठी नसते. कमाईला असते.

आता पैसा. या विषयावर आपण घरात कुजबुजतो आणि बाहेर तत्त्वज्ञान सांगतो, म्हणून आज सरळ आकडे घेऊ.

घराचा महिन्याचा खरा खर्च काढा. हप्ते, फी, आईवडिलांची औषधं, सोसायटीचा मेन्टेनन्स, लग्नकार्याचे आहेर, सगळं धरून. नव्या कामात पहिली दोन वर्षं काय मिळेल त्याचा सावध अंदाज घ्या. मग नोकरीत असतानाच सहा महिने त्या कमी रकमेत घर चालवून बघा आणि उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका. यातून दोन कामं होतात. गंगाजळी जमते आणि घरातल्यांना तो बदल अंगावर घेऊन पाहता येतो. हे सहा महिने निभले नाहीत तर योजना अजून कच्ची आहे, एवढं समजावं.

ग्रॅच्युइटी. १९७२च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा की कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर, सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन मिळतं, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० असेल तर वर्षाला ३०,००० होतात, पाच वर्षांचे दीड लाख. साडेचार वर्षं झालेला माणूस एका भांडणापायी तडकाफडकी निघाला, तर त्या भांडणाची किंमत त्यानं आधी काढून पाहावी.

भविष्य निर्वाह निधी. नोकरी बदलताना पी.एफ. काढून घेण्याची सवय वाईट. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते. यू.ए.एन. तोच ठेवून खातं पुढे न्या.

आरोग्य विमा. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो आणि बऱ्याचदा आईवडीलही त्याच विम्यात असतात. स्वतःची पॉलिसी आधी घ्या, कारण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. ती नोकरी सुटण्याआधी विचारावी. गृहकर्ज घ्यायचं असेल तर हेही लक्षात ठेवा की पगाराची स्लिप बँकेला लगेच पटते, नव्या धंद्याचं उत्पन्न पटायला काही वर्षांची विवरणपत्रं लागतात.

मग घर. फाळक्यांच्या सिनेमाची गोष्ट त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंशिवाय पुरी होत नाही. दागिने त्यांचे गेले, फिल्मला भोकं पाडण्याचं काम त्यांनी केलं, आणि तेवढ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. एकाच्या ध्यासाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यातून जातो. म्हणून नवरा-बायकोनं हा हिशेब समोरासमोर बसून करावा आणि पुढच्या खेपेला कोणाची पाळी, हेही बोलून घ्यावं. बायकोचा कंटाळा हा मूड आणि नवऱ्याचा कंटाळा हा करिअरचा प्रश्न, अशी वाटणी अजून पुष्कळ घरांत आहे.

योजनेला तारीख हवी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलंमुली आपण पाहतो. एमपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा साधारण ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. मर्यादा इतकी लांब असली की ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणणं सोपं जातं. कायद्यानं दिलेली मर्यादा वेगळी, आपण स्वतःला दिलेली वेगळी. इतके प्रयत्न, इतके पैसे, अमुक तारीख, हे आधी लिहून घरच्यांच्या हाती द्या.

सोडायचं ठरलं की नीट सोडा. नवं ऑफर लेटर लेखी हातात आल्यावरच राजीनामा द्या. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस ठग समजावा. नोटीस पिरियड पुरा करा, काम लिहून सोपवा, रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे कागद घेतल्याशिवाय पाठ फिरवू नका. बातमी कॅन्टीनच्या आधी साहेबाला कळू द्या. शेवटच्या दिवशी जुने हिशेब चुकते करायचा मोह होतो. तो आवरा, दोन वर्षांनी नव्या कंपनीचा फोन त्याच साहेबाला जातो.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, ज्याच्या घरात एकच पगार, डोक्यावर कर्ज, नोकरी कंत्राटी, त्यानं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. मी आज सांगितलेली गंगाजळी साठवायलाही आधी थोडं उरावं लागतं. त्याच्यासाठी वर्षाच्या जागी तीन वर्षं धरावी लागतील आणि पावलं लहान ठेवावी लागतील. पाळी बदलून घेणं, त्याच कंपनीत एखादं जास्तीचं मशीन शिकणं, एक प्रमाणपत्र. पण दिशा ठरलेली असली की त्याच नोकरीकडे बघण्याची नजर बदलते. नोकरी आपल्या शिक्षणाची फी भरतेय, असं म्हणता येतं. हेही खरं की सगळा भार माणसावर टाकून चालणार नाही. बारा तासांच्या पाळ्या आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा यांनी पिचलेल्या माणसाला करिअर प्लॅनिंगचं पुस्तक देणं ही थट्टा आहे. तिथे संघटना आणि कायदा लागतो.

शेवटी फसलं तर काय, हा प्रश्न. तो प्रश्नोत्तरांत येणारच, म्हणून आताच उत्तर देतो. फाळकेसुद्धा मधे सिनेमा सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं आणि पुन्हा सिनेमाकडे परतले. लक्ष्मणरावांची चित्रकला फसली आणि तिच्यातलं रेखाटन जन्मभर पुरलं. नीट तयारी करून केलेला प्रयत्न फसला तरी माणूस एक कौशल्य, चार ओळखी आणि स्वतःबद्दलची पक्की माहिती घेऊन परततो; त्या जोरावर दुसरी नोकरी मिळते. तयारीशिवाय मारलेली उडी फसली तर हाती फक्त कर्ज राहतं. एवढ्या एका फरकासाठी ते आधीचं वर्ष खर्चावं, असं माझं सांगणं आहे.