मोठा वर्ग आणि शिक्षकाचा वेळ

मोठ्या वर्गात सर्वाधिक टंचाई असते ती शिक्षकाच्या वेळेची. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी त्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांचा उपाय योजला. चेन्नई महानगरपालिकेच्या शाळांत २००३ पासून आणि २००७ पासून तामिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत या पद्धतीचा अवलंब झाला. शिडीच्या तक्त्यावर आपली पायरी पाहून मूल स्वतःच कार्ड घेई. अनेक दिवस गैरहजर राहिलेले मूल थांबल्या पायरीपासूनच पुढे जाई. त्याचे मधले धडे बुडत नसत. शिक्षकाला अडलेल्या मुलांजवळ बसता येई. मात्र कार्ड पूर्ण झाले म्हणजे आकलन झालेच, असे नाही. ते पडताळणे शिक्षकाचेच काम. अध्ययन-स्वायत्ततेमुळे शिक्षकाची जबाबदारी घटत नाही. त्याच्या वेळेचे वाटप अधिक न्याय्य होते.